मोरेशकडे राहिलेली कॅसेट

कॅसेटमध्ये फुंकर मारायची असते, हे आम्हाला कुणी शिकवलं ते काही आठवत नाही. कुणी शिकवलंही नसेल. टीव्हीवर गेमऐवजी नुसत्या राखाडी रेघा आल्या की आमच्या वेळचं प्रत्येक पोरगं कॅसेट उपसून काढायचं, तोंडाशी धरायचं आणि माउथ ऑर्गन वाजवल्यासारखं या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकायचं. त्याने खरंच काही व्हायचं की नाही, देव जाणे. पण पुन्हा खुपसली की गेम सुरू व्हायचा आणि ओठांवर एक चव राहायची. प्लास्टिकची, धुळीची, थोडी गंजाची. माझ्या कॅसेटींना मात्र आणखी एक चव होती. सुकटीची.

ती चव आज इतक्या वर्षांनी तोंडात आली, वेसाव्याच्या कोळीवाड्यात शिरताना. रस्ता ओळखू येत नाही आता. दोन्ही बाजूंना तीन-तीन मजले चढलेत, गल्लीत रिक्षा घुसतात, त्यांचे हॉर्न कानात बसतात. पण वळण घेतलं की वास तोच. बांबूंवर लटकवलेले बोंबील, ओली जाळी, डिझेल, आणि कुणाच्या तरी घरातून लसणाची फोडणी. मी मुलुंडहून निघताना ठरवलं होतं, रडायचं-बिडायचं नाही. वळणावर मात्र मी दोनदा थांबले.

मला चेतनदादाने बोलावलंय. चेतनदादा म्हणजे मोरेशचा मोठा भाऊ, आणि मोरेश म्हणजे माझ्या वर्गातला मुलगा, ज्याच्याकडे माझी एक कॅसेट राहिली. फोनवर चेतनदादाने आढेवेढे घेतले नाहीत.

"बाय, पोरीचं लग्न ठरलंय. आणि गावातले म्हातारे बोलतात, घरात एकाचं क्रियाकर्म राहिलंय, आधी ते करा, मग हळद लावा. आय करू देत नाय. तुझी ती कॅसेट तिच्याकडे हाय ना, तोवर नाय देणार. तू माग परत."

"दादा, मी नाही मागणार."

"मग काय करू मी? पोरीला तशीच बसवून ठेवू?"

येते म्हणाले. मागेन असं म्हणाले नाही.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा प्लास्टिकच्या डबीसाठी एवढं काय रामायण! मलाही दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर असंच वाटलं असतं. पण त्या काळी कॅसेट म्हणजे काय चीज होती, ते आधी सांगते.

आम्ही अंधेरीला राहायचो, कोळीवाड्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. वारा फिरला की मासळीचा वास आमच्या कॉलनीत यायचा आणि सगळ्या बायका "शी बाई!" म्हणत खिडक्या लावून घ्यायच्या, आणि बंद खिडक्यांआड तीच मासळी तळायच्या. असले आम्ही. माझा मामा मस्कतला होता. त्याने सुट्टीत येताना व्हिडिओ गेम आणला आणि सोबत पाच-सहा कॅसेटी, पिवळ्या, केशरी, एक काळी. आमच्या विंगमध्ये तोवर कुणाकडेच नव्हता. आणि आला तो मुलीच्या घरी! सगळ्या मुलांची पार वाट लागली. जे मला क्रिकेटमध्ये फक्त चेंडू आणायला ठेवायचे, ते जिन्यात उभे राहून "ए, प्लीज ना यार" करायला लागले.

मीही काही कमी नव्हते. मी भारी माज केला. मग हळूहळू इतरांकडेही व्हिडिओ गेम आले आणि उसनवारीला कायदे आले. कॅसेटवर कॅसेट. तू एक दे, मी एक देते. शनिवारी नेलेली सोमवारी शाळेआधी परत. जॉयस्टिकची वायर ताणायची नाही, स्टिकर खरवडायचा नाही. कोणाची कुठे आहे हे सगळं आमच्या डोक्यात पक्कं असायचं. पाढे पाठ नव्हते, पण दुसऱ्या मजल्यावरच्या मन्याची गाड्यांची कॅसेट कुठून कुठे फिरून आता कुणाच्या दप्तरात आहे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं.

कायदा मोडायचे ते फक्त नातेवाईक. बोरिवलीचा माझा आतेभाऊ नंदू गणपतीत आला की जाताना पिशवीत दोन कॅसेटी घालूनच जायचा. आयत्या बिळावर नागोबा. दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे गेलो की माझ्याच कॅसेटी मला दोन मिनिटं हाताळायला मिळायच्या, आणि आत्या म्हणायची, "असू दे गं, मुलं आहेत, खेळणारच." जणू मी म्हातारी होते. नातेवाइकांकडे गेलेलं पातेलं आणि नातेवाइकांकडे गेलेली कॅसेट, दोन्हींच्या नावाने अंघोळ करावी, असं आई चिडून म्हणायची.

मोरेशकडे द्यायला कॅसेट नव्हती. चेतनदादाने बाजारातून जुना व्हिडिओ गेम आणला होता, कडेला फुटलेला, चिकटपट्टी लावलेला, आणि त्याच्याबरोबर कॅसेट एकही नाही. शाळा सुटल्यावर मोरेश माझ्या मागे-मागे कॉलनीच्या गेटपर्यंत आला. काळा, लुकडा, केस उन्हाने तांबूस झालेले.

"माझ्याकडं बदल्यात द्यायला काय नाय," तो म्हणाला. "पण परत देईन."

असं सरळ कुणी मागत नसे. सगळे काहीतरी थापा मारायचे. मी त्याला रणगाड्यांची कॅसेट दिली. ती काळी होती आणि माझी सगळ्यात लाडकी होती. का दिली, कोण जाणे.

परत आली ती त्याच्या हातून नाही. त्याची आई भानूमावशी आमच्याच कॉलनीत मासळी विकायची. डोक्यावर पाटी, कमरेला घट्ट लुगडं, आणि आवाज असा की चौथ्या मजल्यावरची माणसं पंख्याखाली दचकायची. तिने आमच्या दारात पाटी उतरवली आणि आतून कॅसेट काढली, वर्तमानपत्रात बांधलेली, आणि तिच्यासोबत मूठभर सुकट.

"हे काय गं भानू?" आई म्हणाली.

"रिकामी वस्तू परत करीत नाय आमच्यात."

"अगं, भांडं रिकामं देऊ नये म्हणतात. कॅसेट काय भांडं आहे?"

"उसनी आनली ना? मंग झालं."

आई हसली, आणि सुकट ठेवून घेतली. त्यानंतर माझी कॅसेट कोळीवाड्यात जायची आणि काही ना काही घेऊन परत यायची. मांदेली, बोंबील, एकदा तर अख्खा पापलेट, ज्यावर आईने कसनुसं होऊन मोरेशला शर्टाचं कापड दिलं. नारळी पौर्णिमेला करंज्या. बोटी बंद असल्या की सुकट. खाऱ्या हवेने आणि मासळीने कॅसेटीच्या पितळी दातांवर हिरवं चढायचं. मी खोडरबर घेऊन बसायचे आणि ते एक-एक घासून काढायचे, मग फुंकर मारायचे, आणि खारट चव यायची. मैत्रिणी नाक मुरडायच्या. मला त्याचं काही वाटत नसे. खोटं कशाला बोलू, मला तो वास आवडायला लागला होता.

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात, त्यांच्यावर ताडपत्र्या घालतात. दोन-अडीच महिने दर्यावर कुणी जात नाही. तेव्हा मोरेशच्या घरी मोकळीक असायची आणि मी जायचे. घरून परवानगी कशी मिळायची? "भानूकडे जाते" म्हटलं की आई काही बोलत नसे. बाहेरच्या खोलीत त्याचा बापूस जाळं मांडीवर घेऊन बसलेला असायचा, दातांत दोरा धरून. नायलॉनचा तो दोरा जळताना एक घाण वास यायचा, टोकाची गाठ पक्की बसवण्यासाठी तो पेटवायचा. टीव्ही उंच फळीवर, त्यामुळे मान वर करून खेळायला लागायचं. आमचा गेम दोघांचा होता. विटांच्या आत एक पक्षी बसलेला असतो, खरं तर गरुड असावा, आम्ही त्याला कोंबडी म्हणायचो. शत्रूचे रणगाडे वरून येतात आणि कोंबडीला मारतात. एकाने पुढे जाऊन लढायचं, एकाने कोंबडी सांभाळायची. मोरेश कायम कोंबडीपाशी.

"तू जा गो पुढं. मी हाय हितं."

हे तो दर डावाला म्हणायचा, जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरून. मी पुढे जायचे, वाटेल तसे गोळे झाडायचे, मरायचे, परत यायचे. तो जागचा हलायचा नाही. मी त्याला म्हणायचे, "तुला कंटाळा येत नाही का रे? कधीतरी तू पण ये की." तो म्हणायचा, "मी आलो तर कोंबडी मरेल ना, येडी." आणि बाहेर पाऊस, ताडपत्र्यांवर पाण्याचा तडतड आवाज, भानूमावशीच्या चहात नेहमी जास्त साखर. त्या खोलीत मी जितकी सुखी होते, तितकी नंतर कुठे झाले असेन तर मला आठवत नाही. लग्नात नाही, मुलं झाली तेव्हाही नाही. हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे सांगते.

दहावीचे पेपर संपले. बोटीवर माणूस कमी होता आणि मोरेशला सुट्टी होती. बोटीवर जाण्याच्या आदल्या दिवशी तो आमच्या दारात आला आणि काळी कॅसेट मागितली.

"उद्या तर चाललास. खेळणार कधी?"

"आज खेळतो. आल्यावर देतो."

मी कॅसेट दिली आणि दार लावलं. आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, मला भूक लागली होती. दार लावायला एवढी घाई कसली होती, असं नंतर किती वेळा वाटलं, त्याला गणती नाही.

बोट परत आली. तो आला नाही.

याहून जास्त मी सांगणार नाही. कसं झालं, कोण कुठे उभं होतं, दोर कसला आणि लाट कसली, याच्या दहा तोंडांनी दहा गोष्टी त्या वेळी फिरत होत्या. मला त्यातली एकही ऐकायची नव्हती. मला आठवतं ते एवढंच, की आई मला घेऊन कोळीवाड्यात गेली तेव्हा कुठेच रेडिओ लागलेला नव्हता. बाया अंगणात ओळीने बसल्या होत्या, डोक्यावर पदर. बोंबील वाळून कडक झाले होते, ते उतरवायला कुणी उठलं नव्हतं, आणि त्यांच्यावर कावळे बसले होते. कुणी हाकलतही नव्हतं. इतक्या कावळ्यांचा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

आठवडे गेले. काहीच मिळालं नाही. मग गावातल्या मोठ्या माणसांनी सांगितलं, दर्भाचा पुतळा करा, त्याला अग्नी द्या, पोराला मोकळं करा. बापूस तयार झाला. भानूमावशी उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, माझ्यावरून जा. कुणी गेलं नाही.

त्यानंतर एक दिवस तिने पुन्हा पाटी उचलली. आणि तिने त्याच्या उसन्या वस्तू परत करायला सुरुवात केली. मन्याची बॅट. कुणाची तरी भूगोलाची गाईड. शेजारच्याचा शर्ट, धुऊन, घडी घालून. प्रत्येकीबरोबर काहीतरी, सुकट नाहीतर बोंबील. कॉलनीत दाराआड बायका डोळे पुसत ते घेत होत्या. मी वाट बघत होते माझ्या कॅसेटची. भानूमावशी आमच्या दारात यायची, मासळी साफ करायची, आईशी दोन शब्द बोलायची आणि जायची. कॅसेटचं नाव नाही. शेवटी आईलाच राहवलं नाही.

"भानू, हिची ती कॅसेट... राहू दे हो तुझ्याकडे. आठवण म्हणून."

कोयता थांबला. भानूमावशीने आईकडे असं बघितलं की आई एक पाऊल मागे सरली.

"आठवन कसली? त्यानी उसनी नेलीय. तोच आनून देल." मग तिची नजर माझ्याकडे वळली. "उसनं घेतलेला मानूस फेडल्याबिगर जात नाय गो. त्याना यायलाच लागतं. तुना पायजे का ती?"

मला विज्ञानात चांगले मार्क होते. समुद्र काय असतो हे मला ठाऊक होतं. पण मी पंधरा वर्षांची होते आणि माझा जीव त्या पोरात होता, तेव्हा मी म्हणाले, "नको मावशी. तो आल्यावर घेईन."

"मंग बरोबर," ती म्हणाली, आणि कोयता पुन्हा चालू झाला.

मग ते दर वर्षाचंच झालं. नारळी पौर्णिमेला बोटी पुन्हा निघायच्या, आणि त्या सुमाराला भानूमावशी आमच्या दारात पाटी टेकून विचारायची, "पायजे का?" आणि मी म्हणायचे, "तो आल्यावर." बस्स. त्यापुढे एक शब्द नाही. मी कॉलेजात गेले, नोकरीला लागले. व्हिडिओ गेम माळ्यावर गेला, तिथून भंगारात. बाकीच्या कॅसेटी कुणीकुणी नेल्या. पण या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी त्या दिवशी ऑफिसला उशिरा जायचे. माझ्या लग्नातसुद्धा, मुलुंडच्या हॉलमध्ये, भानूमावशी हिरवं लुगडं नेसून, गळाभर सोनं घालून स्टेजवर आली, माझ्या हातात पाकीट दिलं आणि कानाशी वाकून विचारलं. सासूबाई शेजारीच.

"काय पाहिजे का विचारतेय ती?" सासूबाई म्हणाल्या.

"कॅसेट."

"कसली? भजनांची?"

मी हो म्हटलं. आणि भानूमावशीला म्हटलं, तो आल्यावर. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. नवरा फोटोग्राफरकडे बघत होता.

तो मेला, हे मला केव्हातरी कळलं. तसा काही एक दिवस नव्हता. जुहूला गर्दीत तांबूस केसांचा कुणी दिसला की मी पुढे जाऊन त्याचा चेहरा बघायचे, ते एके वर्षी थांबलं आणि थांबल्याचं माझ्या लक्षातही आलं नाही. तरी उत्तर मी तेच देत राहिले. मी मुलुंडला आल्यावर भानूमावशी आईकडे विचारायची आणि आई मला फोनवर विचारायची, आई गेल्यावर चेतनदादा विचारू लागला, खालच्या आवाजात, नाइलाजाने. माझा मुलगा आता दिवसभर गेम खेळतो. त्याचे गेम हवेतून येतात. त्यांना वास नाही, ते कुणाला देता येत नाहीत, कुणाकडे राहत नाहीत. मी एकदा त्याला विचारलं, "मित्राला खेळायला द्यायचा असेल तर?" तो म्हणाला, "त्याने त्याचा घ्यावा ना." बरोबरच आहे म्हणा त्याचं. मला उगाच राग आला.

तर अशी मी आज दुपारी भानूमावशीच्या दारात उभी. घराला टाइल्स लागल्यात, वर मजला चढलाय. चेतनदादाची मुलगी पाणी घेऊन आली, जिचं लग्न आहे ती. गोड आहे, डोळे मोरेशचे. तिने ग्लास दिला आणि माझ्याकडे न बघताच मागे सरली, म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी. चेतनदादा बाहेर उंबऱ्यावर, पाठ आमच्याकडे करून.

भानूमावशी कॉटवर बसली होती. इतकीशी झालीय. तो आवाज कुठे गेला कुणास ठाऊक.

"मुलुंडला मासली मिलते का गो?"

"मिळते. शिळी असते."

"शिलीच असनार."

रस्त्यावरून टेम्पो गेला, बर्फाच्या लाद्या खडखडल्या. मी मनात म्हणत होते, हिने विचारू नये. नाही विचारलं तर मी चहा घेऊन निघून जाईन, चेतनदादाला सांगेन, विषय निघाला नाही. मी इतकी भित्री आहे.

"चेतननी बोलवलं ना तुना?" ती म्हणाली.

"हो."

"मागाला?"

"हो, मावशी."

"त्याचा राहू दे. तू तुझा बोल. पायजे का?"

इतक्या वर्षांचं उत्तर जिभेवर तयार होतं. नुसतं तोंड उघडलं असतं तरी तेच बाहेर पडलं असतं. मी चेतनदादाच्या पाठीकडे बघितलं. त्याचे केस सगळे पांढरे झालेत. भाऊ गेला तेव्हा तो विशीतला होता, आणि त्याला एकदाही मोठ्याने रडायला मिळालं नाही, कारण या घरात कुणी मेलंच नव्हतं. त्याचा बापूस तसाच गेला, न रडता. आणि आता ही पोर हळदीसाठी थांबलीय. ते सगळं माझ्या एका शब्दावर अडलेलं, आणि तो शब्द म्हणजे मोरेशला मी माझ्या तोंडाने मारणं. मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

"पाहिजे," मी म्हणाले. "माझी आहे ती, मावशी. परत दे."

तिने पाय कॉटवरून खाली सोडले.

"आता कनाला पायजे? खेलतीस काय?"

"नाही खेळत."

"मंग?"

"तो नाही येणार, मावशी."

उंबऱ्यावर चेतनदादाच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला. भानूमावशीने तिकडे बघितलं नाही.

"मना म्हाईत हाय गो," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात, मासळीचा भाव सांगावा तसं. "दर्या कवा कुनाला परत देतो? मना पयल्या वर्साला म्हाईत झालं. पन सगला गाव बोलला, गेला. त्याचा बापूस बोलला, गेला. तू येकटी बोलायचीस, तो आल्यावर. म्हनून इचारायची मी तुना. वर्साला येकदा कानांवर परायचं, तो येल म्हनून. तेवर्‍यावर वरीस जायचं."

मला वाटायचं मी तिची समजूत राखतेय, दर वर्षी एक वाक्य तिच्या पदरात टाकतेय. आणि ती त्या एका वाक्यावर जगत होती. ते मी आत्ता तिच्या हातातून काढून घेतलं.

ती कॉटवरून उतरली. सुनेने आधार द्यायला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं, आणि आतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली. काळी. कडा पांढुरक्या पडलेल्या. स्टिकरवरचे रणगाडे पुसून गेलेले. कॅसेटीला वजन असं काही नसतंच, हे मी विसरले होते.

"दिली," ती म्हणाली. "आता त्याचा काय राहिला नाय कुनाकरं."

मग सुनेकडे वळून म्हणाली, "मोरीत पानी हाय का?"

"हाय ना आय. थांबा, गरम करते, दोन मिनटं..."

"तापवू नको. या अंघोलीला थंडच पानी घेतात."

वहिनी जागच्या जागी थिजली. मग तोंडात पदर कोंबून तिने मोरीचं दार उघडलं. माणूस गेल्याचं कळलं की घरचे लोक डोक्यावरून थंड पाणी घेतात, त्याची ही अंघोळ. भानूमावशी भिंतीला धरत आत गेली. पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला, आणि त्याच्यावरून तिचा आवाज, जुना, चौथ्या मजल्यापर्यंत पोचणारा, मोरेशचं नाव घेऊन. गल्लीतल्या बाया दाराशी यायला लागल्या. चेतनदादा उंबऱ्यावरून उठला आणि शर्टाची बटणं काढायला लागला. बोटांना ती सापडत नव्हती. रडत होता तो, मोठ्याने, लहान मुलासारखा.

मला वाटलं, आता आपण निघावं. हे घरच्यांचं आहे. मी पर्स उचलली.

आतलं पाणी थांबलं.

"ती गेली काय?" भानूमावशीने आतून विचारलं.

"नाय आय," वहिनी म्हणाली. "हाय हितंच."

"तिना जाऊ देऊ नको. माझ्या मागनं तिच्या अंगावर पन पानी घाल."

मी पर्स आणि कॅसेट कॉटवर ठेवली आणि मोरीच्या दाराशी जाऊन उभी राहिले.